शीड आखडतं घेणारे हात

वाऱ्याचा जोर सांगायला जगभरचे दर्यावर्दी आजही जी मोजपट्टी वापरतात, ती फ्रान्सिस बोफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०६ मध्ये आपल्या रोजनिशीत मांडली. जहाजावर वारा मोजायचं भरवशाचं यंत्र तेव्हा नव्हतं. बोफर्टने मग एक व्यवहारी वाट काढली. वारा किती आहे हे सांगत बसण्यापेक्षा त्या वाऱ्यात युद्धनौकेवर किती शीड ठेवता येतं ते सांगायचं. सहा क्रमांकाचा वारा म्हणजे टॉपसेल या मुख्य शिडांची एक घडी घ्यावी लागेल असा. सातला दोन घड्या, आठला तीन, नऊला शीड आखडता येईल तितकं आखडलेलं. बारा म्हणजे कुठलंच कापड टिकणार नाही असा. १८३८ मध्ये ब्रिटिश नौदलाने ही पट्टी अधिकृत केली.

त्या काळचा खलाशी वाऱ्याला ओळखत होता तो शीड किती कमी करावं लागलं यावरून. आपल्याला ही नजर राहिलेली नाही. शिडाच्या बोटीचं छायाचित्र छापायचं तर सगळी शिडं फुगलेली हवीत. बोट विकायला काढली की जाहिरातीत शिडांचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये ठळक दिलेलं असतं. तेच क्षेत्रफळ अर्ध्यावर आणायला किती वेळ लागतो, किती माणसं लागतात आणि त्या माणसांनी त्या वेळी नेमकं कुठे उभं राहायचं, हे मात्र कोणी छापत नाही. छोट्या बोटीबद्दल आधी विचारायचे प्रश्न माझ्या मते हेच आहेत. गेल्या दोन हजारांहून अधिक वर्षांत शिडाच्या बाबतीत ज्या सुधारणा झाल्या, त्यातल्या बऱ्याचशा याच प्रश्नांपायी झाल्या.

आधी हिशेब पाहू, कारण तो थोडक्यात आटोपण्यासारखा आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. दहा नॉटच्या वाऱ्यात मजेत चाललेली बोट वीस नॉटला चौपट दाब सोसत असते, आणि दहाचे वीस व्हायला मुंबईच्या बंदरात एप्रिल-मेच्या दुपारी फार वेळ लागत नाही. त्यातही हा दाब शिडाच्या मध्यावर, पाण्यापासून बराच उंच लागतो, त्यामुळे बोट कलते. कलली की सुकाणूचं पातं अर्धं पाण्याबाहेर आल्यासारखं होतं, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वाऱ्याकडे वळायला बघते, आणि सुकाणू धरणारा दोन्ही हातांनी ओढत बसतो. हौशी माणसाला वाटतं, काय जोरात चाललोय! बोट मात्र त्या अवस्थेत शीड थोडं कमी केल्यावर जाईल त्यापेक्षा हळू जात असते. शीड कमी करताना म्हणून दोन गोष्टी साधायच्या असतात: कापड घटवायचं, आणि उरलेलं कापड खाली आणायचं.

हे काम डेकवर उभं राहून करता यावं, ही गोष्ट ग्रीकांना साधली होती. सायप्रसच्या उत्तर किनाऱ्यावर, किरेनियाजवळ, १९६५ मध्ये एका पाणबुड्याला एक बुडालेलं व्यापारी जहाज सापडलं. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं. लांबी सुमारे १४ मीटर, म्हणजे आजच्या हिशेबाने छोटीच बोट. तिच्यावर सुमारे चारशे मद्यकुंभ आणि बदामांचा मोठा साठा होता, आणि खाण्यापिण्याची भांडी चार-चार होती, यावरून चार माणसं असावीत असा पुरातत्त्वज्ञांचा अंदाज आहे. शंभरावर शिशाच्या कड्याही मिळाल्या. त्या शिडाच्या पुढच्या बाजूला उभ्या रांगांत शिवलेल्या असत. प्रत्येक रांगेतून एक दोर वर जाई, परभाणावरून, म्हणजे शीड टांगायच्या आडव्या काठीवरून, मागे येई आणि थेट डेकवर उतरे. खालून दोर ओढले की शीड खिडकीच्या चिकाच्या पडद्यासारखं वर गोळा होई. सगळं ओढा, अर्धं ओढा, एकाच बाजूचं ओढा. चार माणसांच्या बोटीत कोणी डोलकाठीवर चढायची गरज नव्हती. या जहाजाची प्रतिकृती १९८६ मध्ये ग्रीसहून सायप्रसला शिडावरच गेली.

पुढे युरोपात ही सोय मागे पडली. उत्तरेकडच्या समुद्रात दुसरी रीत आली: शिडावर आडव्या ओळीत छोट्या दोऱ्या शिवायच्या आणि वारा वाढला की तेवढा पट्टा दुमडून त्या दोऱ्यांनी बांधून टाकायचा. तेराव्या शतकातल्या इंग्लिश आणि फ्रेंच बंदरांच्या नगरमुद्रांवर शिडावरच्या या दोऱ्यांच्या ओळी कोरलेल्या दिसतात. हीच ‘रीफ’. त्यानंतरच्या दोनेक शतकांत तीही बाजूला पडली आणि उलट्या विचाराची रीत रूढ झाली. मूळ शीडच बेताचं ठेवायचं आणि हवा मंद असेल तेव्हा त्याच्या खालच्या कडेला जादा पट्टी दोरीने ओवून जोडायची. वारा वाढला की पट्टी सोडायची. कोलंबसच्या जहाजांवर अशा पट्ट्या होत्या. १२ ऑक्टोबर १४९२ च्या पहाटे दोनच्या सुमारास ‘पिंटा’वरून जमीन दिसली, तेव्हा बाकीची शिडं उतरवून, जोडपट्ट्या काढलेलं एकच मोठं शीड ठेवून ती तिन्ही जहाजं उजाडेपर्यंत घुटमळत राहिली. अनोळखी किनाऱ्यावर रात्री जाऊन आदळायचं नाही, हा त्यामागचा साधा विचार. नवं जग सापडल्याची कथा सांगताना हा तपशील सहसा गाळला जातो.

हिंदी महासागराने तिसराच मार्ग धरला. तिरक्या परभाणावर चढवलेलं मोठं त्रिकोणी किंवा पुढचं टोक कापल्यासारखं चौकोनी शीड ही आपल्या फत्तेमारीची आणि अरबांच्या गलबतांची ओळख. ऑस्ट्रेलियन दर्यावर्दी ॲलन व्हिलियर्स १९३८-३९ मध्ये एका कुवेती जहाजावरून एडनहून पूर्व आफ्रिकेला आणि तिथून कुवेतला गेला. त्याने ते काम जवळून पाहून लिहून ठेवलं आहे. वारा वाढला तर घडी घालत बसायचं नाही. भलंमोठं परभाण खाली घ्यायचं, मोठं शीड सोडायचं, लहान शीड बांधायचं आणि परत चढवायचं. शीड डेकवर येतं, माणूस वर जात नाही, ही त्यातली मेख. पण परभाण वर न्यायला ढीगभर माणसं लागतात आणि ते एका सुरात ओढावं लागतं. खलाशी मुबलक आणि मजुरी स्वस्त, म्हणून ते चाललं. पंचवीस फुटी बोटीत दोघं निघाले असतील तर ही रीत त्यांच्या कामाची नाही.

आपल्या किनाऱ्याने मात्र शीड कमी करण्याचा सर्वांत मोठा निर्णय पंचांगावर सोपवला होता. आगोट आली की गलबतं खाडीत घ्यायची, होड्या वाळूवर ओढायच्या, झावळ्यांनी शाकारायच्या, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याखेरीज पाण्यात उतरवायच्या नाहीत. आंग्र्यांच्या आरमाराची जहाजंही पावसाळ्यात बंदरात आणि गोदीत विसावत. विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे मराठ्यांच्या त्या गोदीच्या खुणा अजून आहेत. नैर्ऋत्य मोसमी वारा किनाऱ्यावर सरळ आदळतो. त्याच्या तावडीत सापडलेल्या शिडाच्या गलबताला खडकापासून दूर सरकायला जागा मिळत नाही. शिडाच्या कितीही घड्या घाला, तो प्रश्न सुटत नाही. म्हणून तीन महिने शीडच नको. या रिवाजाला कोणी मागासलेपण म्हणेल, पण भाऊचा धक्का किंवा गेटवेवरून अलिबागच्या बाजूला जाणाऱ्या इंजिनाच्या बोटींचंही पावसाळ्यात काय होतं ते पाहावं, आणि १ जूनपासून सुरू होणाऱ्या मासेमारीबंदीचा काळही ताडून पाहावा. माशांच्या विणीचं कारण त्यात आहेच, पण जुन्या नाखव्यांना ही तारीख सांगायला सरकारी परिपत्रक लागलं नसतं.

या रिवाजाची एक उणीवही होती. वर्षातला वाईट काळ वगळून टाकला की उरलेल्या काळात अचानक आलेल्या वाऱ्याला काय करायचं, याची शिस्त अनुभवी तांडेलाच्या डोक्यात राहते. लिहिली जात नाही, शिकवली जात नाही. युरोपच्या समुद्राला असा सोयीस्कर बंद हंगाम नव्हता. त्यांना बारा महिने शीड कमी-जास्त करत राहावं लागलं, आणि सतराव्या शतकात रीफच्या दोऱ्या त्यांच्या मोठ्या जहाजांवर परत आल्या. त्याच सुमारास परभाणाखाली पाय टेकायला दोर बांधायची पद्धतही आली. आता माणसं वर चढून, परभाणावर पोट टेकून, पायाखालच्या हलत्या दोरावर उभी राहून, ओलं कडक कापड मुठींनी ओढून बांधू लागली. वाऱ्याच्या बाजूच्या टोकाला बसणारा खलाशी सर्वांत तरबेज असे. कापडाचा कोपरा तो ताणून बांधे, तोवर बाकीच्यांना काहीच करता येत नसे. बोफर्टच्या पट्टीतला प्रत्येक आकडा अशा माणसांच्या जिवावर चढत होता. तीनशे खलाशांच्या युद्धनौकेला हे परवडे. व्यापारी जहाजाच्या मालकाला माणसं कमी हवी होती.

मालकाची काटकसर आणि खलाशाचा जीव यांचं हित क्वचितच जुळतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ते जुळलं. १८५० च्या सुमारास इंग्लंडमध्ये कनिंगहॅमने परभाणालाच फिरवून शीड त्याभोवती गुंडाळायची युक्ती काढली; डेकवरून दोर सोडला की परभाण खाली येताना फिरत येई. त्याच दशकात अमेरिकन कप्तान फ्रेडरिक हाऊझने याहून साधा तोडगा काढला. मोठं टॉपसेल आडवं कापून त्याची दोन शिडं केली. वरच्याचं परभाण खाली सोडलं की वरचं शीड खालच्याच्या आडोशाला येतं, वारा त्यातून निघून जातो आणि दोन घड्या घातल्याइतकं काम एका झटक्यात होतं, कोणी वर न जाता. हीच रीत जगभर टिकली. वीस-पंचवीस माणसांत मोठाली जहाजं केप हॉर्नला वळसा घालू लागली, त्यात या कापलेल्या शिडाचा मोठा वाटा आहे.

इथून पुढची गोष्ट एकट्यादुकट्या माणसांची. जोशुआ स्लोकम १८९५ मध्ये ‘स्प्रे’ नावाच्या ३६ फूट ९ इंचांच्या जुन्या, स्वतः नव्याने बांधलेल्या बोटीतून बॉस्टनहून निघाला आणि १८९८ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतला. असं करणारा तो पहिला माणूस. त्याच्या प्रवासातली अझोर्स बेटं सोडल्यानंतरची एक रात्र शीड कमी करण्याबद्दलच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त शिकवते. बेटावर भेट मिळालेलं पांढरं चीज आणि आलुबुखार त्याने भरपूर खाल्ले आणि पोटात मुरडा येऊन तो आडवा झाला. आभाळ नैर्ऋत्येला काळवंडत होतं. कळा येत-जात होत्या. मधल्या उसंतीत त्याने मोठं शीड खाली घेतलं, कोपरे ताणले, एकेक दोरी बांधत दोन घड्या घेतल्या. समुद्र मोकळा होता, जवळ किनारा नव्हता. शहाणपण इतकंच होतं की आता शिडं तशीच उतरलेली ठेवून खाली जाऊन पडायचं. स्लोकमने ती परत चढवली. घड्या घातलेली असली तरी त्या वाऱ्याला ती जास्तच होती, असं त्याने स्वतःच लिहिलंय. मग केबिनच्या जमिनीवर तो कळवळत पडून राहिला आणि त्या ग्लानीत त्याला सुकाणूशी एक अनोळखी दाढीवाला खलाशी दिसला. त्याने सांगितलं, मी कोलंबसच्या ‘पिंटा’वरचा नाखवा, तू पडून राहा, बोट मी सांभाळतो, वर चीजबरोबर आलुबुखार खाल्ल्याबद्दल बोलही लावला. सकाळी पाहिलं तर बोट सरळ वाटेवर होती, रात्रीत नव्वद मैल कापले होते आणि डेकवरची सुटी चीजवस्तू लाटांनी धुऊन नेली होती.

स्लोकमसारखा सावध आणि आयुष्यभर समुद्रावर काढलेला माणूस इथे चुकला, पण त्याचं कारण अज्ञान नव्हतं. तो आजारी होता आणि एकटा होता. छोट्या बोटीवर शीड जास्त राहून जातं ते बहुधा अशाच कारणांनी: माणूस दमलेला असतो, ओला झालेला असतो, उलट्यांनी बेजार असतो, किंवा पाहुण्यांसमोर भित्रा ठरायची लाज वाटते. तेव्हा बुद्धी शाबूत असताना, उजेडात, वारा अजून हातात असताना ते काम उरकावं लागतं. शीड कमी करावं का असा विचार मनात पहिल्यांदा येतो, तीच खरी वेळ, हे जुने लोक सांगत आले. वाऱ्याकडे पाठ करून जाताना तर हा विचार उशिराच येतो. वीस नॉटच्या वाऱ्यात बोट सहा नॉटने त्याच दिशेला पळत असेल तर अंगाला चौदाच नॉट जाणवतात. सगळे शर्टाची बटणं सोडून गप्पा मारत बसतात. बोट वाऱ्याकडे वळवली की तेच सव्वीस होतात आणि शिडावरचा दाब साडेतीन पटीच्या घरात जातो.

आज बहुतेक छोट्या बोटींवर चालते ती घडी घेण्याची पद्धत मूळ मध्ययुगीन रीफचीच सुधारलेली आवृत्ती आहे. जरा जवळून पाहू. मुंबई बंदर, एप्रिल, दुपारचे तीन. सकाळचे मतलई वारे कधीच थांबलेत, वायव्येचा खारा वारा चढतोय, पाण्यावर पांढऱ्या शेंड्या दिसायला लागल्यात. आधी पुढचं छोटं शीड, म्हणजे जिब, उलट बाजूला धरून बोट जवळजवळ थांबवायची आणि सुकाणू वाऱ्याकडे बांधायचं. बोट अशी घुटमळत राहिली की एकाएकी शांतता होते. डेक फार हलत नाही, बोलणं ऐकू येतं. कमरेचा पट्टा बोटीला अडकवायचा, हे त्याआधीच झालेलं हवं. मग मोठ्या शिडाचं, मेनसेलचं, शीट (शीड ओढून धरणारी दोरी) ढिलं करून त्यातला वारा काढायचा. बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी, खाली कोसळू नये म्हणून तिला वरून आधार देणारी दोरी ताणून घ्यायची. ही पायरी विसरली की बूम थेट डोक्यात येते. हॅलयार्ड, म्हणजे शीड चढवायची दोरी, आधीच खूण केलेल्या ठिकाणापर्यंत सोडायचं. पुढचं कडं डोलकाठीजवळच्या आकड्यात अडकवायचं, हॅलयार्ड परत कडक ताणायचं. त्यानंतर मागच्या कडेची दोरी, आणि ती ओढताना कंजुषी नको: मागचं कडं बूमला अगदी चिकटलं पाहिजे आणि शिडाची खालची कड मागे ताणली गेली पाहिजे. ढिली राहिली तर शीड पोटाळं होतं आणि आपण शीड कमी करूनही बोट पूर्वीइतकीच कलते. आधाराची दोरी सोडली, शीट ओढलं की बोट चालू.

राहिल्या त्या मधल्या छोट्या दोऱ्या. लोंबणारं कापड नुसतं आवरून धरणं, एवढंच त्यांचं काम. भार सगळा पुढच्या आणि मागच्या कड्यांवर. नवखा माणूस या दोऱ्या आवळून बांधतो आणि घडी सोडताना एखादी विसरतो; हॅलयार्ड ओढलं की सगळा भार त्या एका टाक्यावर येतो आणि शीड तिथून टराटरा फाटतं. म्हणून घालताना त्या शेवटी आणि सोडताना सगळ्यांत आधी. गाठ अशी हवी की ओल्या, गारठलेल्या बोटांनी एका ओढीत सुटावी.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या सगळ्याला सोपा पर्याय म्हणून बूमच फिरवायची यंत्रणा हौशी बोटींवर आली. एक हँडल फिरवा आणि शीड बूमभोवती गुंडाळलं जातं. पन्नासेक वर्षं लोकांनी ती वापरली आणि तक्रारी करत राहिले: शीड मध्ये फुगतं, बूमचं मागचं टोक खाली झुकतं आणि गुंडाळलेल्या बूमला खाली ओढून धरणारी दोरी बांधायला जागा उरत नाही. १९७० च्या दशकात बहुतेकजण परत जुन्या घडीकडे वळले, फक्त दोऱ्या आता कॉकपिटपर्यंत आणल्या.

त्याआधीच एका माणसाने वेगळाच विचार केला होता. ब्लाँडी हॅसलर हा दुसऱ्या महायुद्धात बोर्डोच्या बंदरावर छोट्या होड्यांतून छापा घालणारा ब्रिटिश मरीन अधिकारी. १९६० मध्ये प्लिमथहून न्यूयॉर्कला एकट्याने अटलांटिक ओलांडायची पहिली शर्यत भरली, ती मुख्यतः त्याच्याच खटपटीने. त्याची ‘जेस्टर’ २५ फुटी. तिच्यावर त्याने चिनी पद्धतीचं शीड बसवलं होतं: आडव्या पट्ट्यांनी ताठ केलेलं, डोलकाठी एकच, पुढचं शीड नाही. हॅलयार्ड सोडलं की एकेक पट्टा आपोआप खालच्यावर बसतो, आणि अर्धं शीड राहिलं तरी त्याचा आकार बिघडत नाही. बोटीच्या मध्यभागी एक गोल झरोका होता. त्यात उभं राहून, कमरेखाली कोरडा, हॅसलर सगळ्या दोऱ्या हाताळायचा. डेकवर जायचं कामच नाही. फ्रान्सिस चिचेस्टर मोठ्या ‘जिप्सी मॉथ ३’ मधून ४० दिवसांत पहिला आला, हॅसलर ४८ दिवसांत दुसरा. बक्षीस चिचेस्टरला गेलं ते योग्यच, पण किरेनियाच्या चार खलाशांना जे ठाऊक होतं ते हॅसलरने परत मिळवलं. त्याच्या शर्यतीतल्या कामगिरीचं याहून मोठं मोल मला वाटत नाही. हे शीड सार्वत्रिक झालं नाही, कारण हलक्या वाऱ्यात वाऱ्याकडे चढताना ते मागे पडतं आणि शर्यती त्याच कसोटीवर जिंकल्या जातात.

मुंबईकरांनी ‘सुहैली’चं नाव विसरू नये. ३२ फुटांची ही दोन डोलकाठ्यांची बोट मुंबईत, सागवानात, आपल्या सुतारांनी वाकसांनी तासून बांधली आणि १९६४ च्या अखेरीस पाण्यात सोडली. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ ला फालमथहून निघाला आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला, कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस म्हणून परतला. दक्षिण महासागराच्या लाटांनी ‘सुहैली’ला आडवं पाडलं, केबिन खिळखिळी केली. त्याने शिकून घेतलं की सगळं शीड उतरवून पडून राहणंही पुरेसं नाही. बोटीच्या मागे लांबलचक दोरखंड पाण्यात सोडायचे, पुढे रुमालाएवढं वादळी शीड ठेवायचं आणि लाटेला बोटीची पाठ द्यायची.

हा मुद्दा १९७९ च्या फास्टनेट शर्यतीने रक्ताने लिहून ठेवला. ३०३ बोटी निघाल्या. आयर्लंडच्या दक्षिणेला वादळाने गाठलं, १५ स्पर्धक मेले, २४ बोटी सोडून द्याव्या लागल्या. एकही शीड नसलेल्या बोटीही लाटांनी उलटवल्या. आणि सोडून दिलेल्या २४ पैकी १९ नंतर तरंगत सापडल्या. बोटीवर कापडच नसेल तर सुकाणूला पकड राहत नाही आणि ती लाटेला कूस देऊन पडते. शीड कमी करणं म्हणजे शून्यावर आणणं नव्हे. अगदी शेवटच्या टप्प्यालाही थोडं, जाड आणि खालच्या अंगाला असलेलं कापड लागतं. ते आधी कधीतरी कोरड्या दिवशी चढवून पाहिलेलं नसेल तर काळोखात चढत नाही.

त्यानंतरच्या काळात पुढच्या शिडासाठी फर्लर सार्वत्रिक झाला. नाळेपाशी एक चक्र, त्यावर दोरी. ओढली की जिब स्वतःभोवती गुंडाळलं जातं. लाटांनी धुतल्या जाणाऱ्या नाळेवर माणसाला जावं लागत नाही, म्हणून या यंत्राने किती जीव वाचवले त्याची मोजदाद नाही. पण मला फर्लरची धास्ती वाटते ती त्याच्या सोयीमुळेच. काम एका ओढीचं आहे म्हटल्यावर माणूस ते पुढे ढकलतो. अर्धवट गुंडाळलेलं मोठं जिब मध्ये फुगतं, त्याचा भार वर सरकतो. आणि सगळा डोलारा त्या एका दोरीवर असतो. घासून ती तुटली तर मध्यरात्री, चाळीस नॉटमध्ये, सगळंच शीड एकदम उघडतं. दर मोसमात ती दोरी सबंध काढून, उलटी करून तपासावी. चक्रावर तीनचार वेढे जादा ठेवावेत. डोलकाठीच्या पोटात मेनसेल गुंडाळून घेणारी यंत्रणाही आहे. छोट्या बोटीवर ती घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अडकली तर शीड खालीही येत नाही आणि आतही जात नाही.

आपल्याकडे गेल्या पंधरा-वीस वर्षांत शिडाचे दिवस परत आलेत. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ५६ फुटी ‘म्हादेई’ बांधली गेली आणि कमांडर दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या काळात तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे ते पहिले भारतीय. त्याच कारखान्यातल्या ‘तारिणी’वरून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी आणि २०२४-२५ मध्ये लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा या दोघीच जगाला वळसा घालून आल्या. दोन माणसं आणि ५६ फूट, म्हणजे एक झोपलेली असताना दुसरीने एकटीने शीड कमी करायचं. ‘सुहैली’ची प्रतिकृती ‘थुरिया’ हीदेखील गोव्याचीच. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत, २१ सप्टेंबर २०१८ ला, दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात तिची डोलकाठी मोडली, ती चालवणारे अभिलाष टोमी यांच्या पाठीच्या कण्याला जबर मार लागला आणि तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच नौकेने त्यांना उचललं. तेच टोमी २०२३ मध्ये त्याच शर्यतीच्या पुढच्या फेरीत दुसरे आले.

या बातम्यांचं कौतुक झालं आणि शिडाच्या शिकवणीला मुलांची गर्दी वाढली, हे चांगलंच. ही मुलं ज्या बोटींवर शिकतात त्यांनाही शीड कमी करण्याची सोय असते, पण ती दाखवली जाते का, याची मला शंका आहे. लहान मुलांच्या ‘ऑप्टिमिस्ट’मध्ये शिडाला आडवा ताण देणारी काठी काढली की शिडाचा वरचा कोपरा खाली पडतो आणि जवळजवळ निम्मं कापड निकामी होतं, दहा वर्षांच्या पोरालाही जमेल असं काम. ऑलिंपिकमधल्या आयएलसीए बोटीला तीन आकारांची शिडं मिळतात, ४.७, ५.७६ आणि ७.०६ चौरस मीटरची; अरबी गलबताचाच जुना विचार, फक्त डोलकाठीचा खालचा तुकडाही बदलायचा. शिवाय तिची डोलकाठी फिरवून शिडाचा एखाददुसरा वेढा तिच्याभोवती घेता येतो. बहुतेक शिकवण्यांत पहिले काही दिवस जातात शीड चढवण्यात आणि वळण्यात. उतरवणं हे दिवसअखेरीचं आवराआवरीचं काम समजलं जातं.

हा क्रम उलटा करायला हवा. पहिल्या दिवशी, धक्क्याला बांधलेल्या बोटीवरच, डोळे मिटून घडी घ्यायला लावावं, म्हणजे कुठली दोरी कुठे आहे हे हाताला कळेल. मग मार्चच्या बेताच्या वाऱ्यात, आणि मे उजाडल्यावर दुपारी तीन वाजता मुद्दाम. परीक्षेत कोपऱ्यातला एक गुण ठेवण्यापेक्षा ती अट करावी: एकट्याने, अंधारात, पट्टा अडकवून, दुसरी घडी पाच मिनिटांत. बोट विकणाऱ्या आणि भाड्याने देणाऱ्यांनीही शिडांच्या चौरस मीटरशेजारी ते अर्ध्यावर आणायला लागणारा वेळ आणि माणसांची संख्या छापावी, आणि त्यासाठी कॉकपिट सोडून किती पावलं पुढे जावं लागतं तेही लिहावं. बोटीला परवाना देणारी खाती जीवरक्षक जाकिटं मोजतात, विझवण्याची नळकांडी मोजतात. घडीची दोरी ओढून पाहायला त्यांना आणखी दहा मिनिटं लागतील.